चौथा पाय कोंबडीचा

थॉर्नबेक, रविवार, दुपार

प्रिय मॉरीन आत्या,

आधीच माफी मागून ठेवते. माझं शुद्धलेखन कसं असतं ते तुला दर नाताळच्या आभारपत्रातून कळतंच, आणि टायपिंग त्याहून वाईट आहे. डाव्या अंगठ्याला पट्टी आहे (पटाशी लागली, पुढे येईलच), आणि हा कॉम्प्युटर लम्ली साहेबांच्या फर्निचरच्या कारखान्यातला आहे. त्याच्या कळफलकावर मागच्या वर्षी सरस सांडला, तेव्हापासून काही बटणं दाबली की खालीच राहतात, ती सुरीच्या टोकानं वर काढावी लागतात. कारखाना रविवारी बंद असतो म्हणून मी आत एकटीच बसलेय आणि दोन वाक्यांमागे एकदा सुरी चालवतेय. पत्र कुठे तुटक वाटलं तर तिथं बटण अडकलं होतं असं समज.

तुझी तब्येत बरी असेल. गुडघा कसा आहे? टॉर्कीला ऊन असेल, आणि तुझ्या गेस्टहाउसमधले ते दोन म्हातारे अजून गेले नसतील (म्हणजे घरी गेले नसतील असं म्हणायचंय). बाबा नेहमीप्रमाणे ट्रक घेऊन रॉटरडॅमच्या वाटेवर आहेत. आजोबा बरे आहेत. डचेस पण बरी आहे. डचेस म्हणजे माझी कोंबडी, तपकिरी, उजव्या पायाचं मधलं बोट वाकडं, कारण लहानपणी ते फाटकात सापडलं होतं. हे बोट लक्षात ठेव.

फोन न करता पत्र का लिहितेय असं तुला वाटेल. फोनवर मी 'हो', 'बरं' आणि 'आजोबांना देते' एवढंच बोलते हे तुला माहीत आहे. आणि हे आजोबांना द्यायचं नाहीये.

तर टेबलाबद्दल. तुझं पत्र मिळालं, की आजीनं टेबल तुझ्या नावावर ठेवलं होतं, तू दोन वर्षं थांबलीस, आणि आता येत्या चौदा तारखेला व्हॅन पाठवतेयस. सगळं बरोबरच आहे. आजोबांनी पत्र वाचलं, घडी घातली, म्हणाले, "मॉरीनचंच आहे ते. घेऊन जाऊ दे." मग ते उठून बाहेर गेले आणि कांद्यांच्या वाफ्याला पाणी घालत बसले. त्या दिवशी सकाळपासून पाऊस पडत होता.

तू घर सोडून पुष्कळ वर्षं झाली, म्हणून सांगते की ते टेबल आता काय काय करतं. रोज चार वाजता क्लेग आजोबा शेजारून येतात, आजोबा टेबल भिंतीपासून ओढतात, आणि दोघं सहा वाजेपर्यंत पत्ते खेळतात. हिरव्या कापडाच्या कडेला पैसे ठेवायला जे चार खळगे कोरलेत, त्यातल्या एकात पेपरमिंटच्या गोळ्या, दुसऱ्यात आजोबांच्या कानातल्या यंत्राच्या बॅटऱ्या, तिसऱ्यात गुण मोजायच्या खुंट्या आणि चौथ्यात क्लेग आजोबांची कवळी (हरायला लागले की ते काढून ठेवतात, म्हणतात की दात नसले की डोकं हलकं होतं). अडीचशे वर्षांपूर्वी ज्या कुणी सरदारानं तिथं सोन्याची नाणी ठेवली असतील, त्याला कवळी बघून काय वाटलं असतं कोण जाणे. बहुतेक त्याला पण कवळीच असेल.

आता अपघात. तुला आठवत असेल, आजीचा नियम होता: आधी पाय, मग फळी. म्हणजे मागचा जो पाय बिजागरीवर फिरतो तो आधी बाहेर ओढायचा, आणि मगच वरची दुमडलेली फळी उलटून त्याच्यावर टेकवायची. आपल्या घरात चालायला लागलेल्या पोराला पण हे माहीत असतं. पण तीन आठवड्यांपूर्वी पाद्रीबाई आल्या, नव्या, रोझमंड नावाच्या. कापणीच्या सणासाठी आजोबांकडे भोपळा मागायला. आजोबा मळ्यात लीकच्या कांद्यांची पात काढत होते, त्यामुळे त्यांच्याशी बोलायला मी. म्हणजे कुणीच नाही. पाद्रीबाई मोकळ्या स्वभावाच्या, दणकट हाडाच्या. म्हणाल्या, "टिल्डा, तू चहा आण, तोवर मी टेबल मांडते." आणि त्यांनी थेट फळी उघडली. पाय आतच.

मी दारात उभी होते, हातात किटली. माझ्या तोंडात 'आधी पाय' हे दोन शब्द तयार होते, जिभेवर येऊन बसले होते. पण त्या पाद्री. त्यांना कसं सांगायचं? मला वाटलं, देवच सांगेल. देवानं नाही सांगितलं. त्यांनी अधांतरी फळीवर केक ठेवला, मग बशा, मग माझ्याकडे बघून छान हसल्या आणि दोन्ही कोपरं टेकून म्हणाल्या, "मग, शाळा का सोडलीस?"

टेबल मागे कलंडलं, पाद्रीबाई त्याच्यावर, आणि तो आत राहिलेला पाय दोघांच्या खाली. आवाज असा आला की डचेसनं अंगणात त्या दिवशीचं अंडं अर्ध्यात थांबवलं. (शाळेचं उत्तर मात्र द्यावं लागलं नाही. आता तुला सांगते, सगळ्या वर्गापुढे उभं राहून पाच मिनिटं बोलायची परीक्षा होती. मी उभी राहिले, दार समोरच होतं, चालत घरी आले. त्यानंतर लम्ली साहेबांकडे लागले, कारण त्यांना पण बोलणं आवडत नाही.)

आजोबा आत आले, हातात लीक. त्यांनी पाद्रीबाईंना उठवलं. मग टेबलाच्या त्या गुडघ्यातून मोडलेल्या पायाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "केक वाचला का?" बस्स. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता पत्ते निघाले नाहीत. क्लेगला सर्दी आहे म्हणाले. क्लेग आजोबा तेव्हा आमच्या कुंपणाशी उभे होते, ठणठणीत, आणि मला खुणेनं विचारत होते की काय झालं.

म्हणून मी ठरवलं की पाय मी करणार. लम्ली साहेबांची पाठ धरली होती, ते घरी आडवे. एरवी ते मला सरस ढवळणं, झाडलोट आणि खुर्च्यांचे पट्टे ताणणं एवढंच देतात, कोरीवकामाला हात लावू देत नाहीत. आठवडाभर ते अंथरुणातूनच शेळ्या हाकत होते, रोज फोन: "पटाश्यांना हात लावलास का?" मी म्हणायचे, "नाही." एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पटाशी. अंगठा तेव्हाच कापला.

लाकूड मिळालं, कपाटाच्या मोडक्या दारातलं जुनं महोगनी, दोन जाड तुकडे सरसानं जोडून. वरचा वळणदार भाग जमला. अडचण आली पावलाची. बाकीच्या तीन पायांना खाली पक्ष्यासारखे पंजे आहेत आणि प्रत्येकात एक गोळा, पण दोनशे वर्षांच्या फरशी पुसण्यानं आणि आपल्या सगळ्या कुत्र्यांच्या दातांनी त्यांचे उकडलेले बटाटे झालेत. त्यावरून काय उतरवणार? मोडलेला पाय होता, पण आत्या, त्याच्या पंजाला पाच बोटं. बाकी तिघांना चार आणि ह्यालाच पाच, आणि ती पण लांबलचक, नखं नाहीत, एका बोटाला मधेच चीर पडलेली. मला वाटलं, हा कुणीतरी शनिवारी संध्याकाळी दारू पिऊन केलाय. मी तो पाय आपल्याला चूक सुधारायची संधी आहे असं समजून बाजूला टाकला, आणि कोंबड्यांच्या खुराड्याचं दार आपोआप बंद व्हायचं त्याच्याखाली पाचर म्हणून सारला. हे वाक्य मी तीनदा खोडलं. पण आहे ते आहे.

नमुना म्हणून मी डचेसला कारखान्यात नेलं. तिनं लाकूड धरायच्या शिकंज्याशेजारी उभं राहायचं आणि पायात गोळा धरायचा एवढंच काम. गोळा ती धरेना. लाकडाचा नाही, टेनिसचा नाही. शेवटी मी तिचंच अंडं तिच्या पायाखाली ठेवलं, ते तिनं लगेच पकडलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी ते चोरणार होते. मी तसंच कोरलं. अंडं, पंजा, वाकडं मधलं बोट, सगळं. मग कडक चहा, काळी बिअर आणि झाडूखालची धूळ चोळून त्याला अडीचशे वर्षांचा केला आणि बसवला. आजोबांनी वाकून बघितलं. म्हणाले, "डचेस का?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "बोट बरोबर आलंय." आणि त्या दिवशी चार वाजता पत्ते निघाले. मला वाटलं, झालं, संपलं.

पण तूच लिहिलं होतंस ना, की व्हॅनच्या विम्यासाठी टेबलाची किंमत करून ठेवा. कालच्या नाही, त्याआधीच्या शनिवारी गावाच्या हॉलमध्ये जुन्या वस्तू बघायला पेरेग्रीन ऑटली नावाचे जाणकार आले होते. आम्ही टेबल क्लेग आजोबांच्या मेंढ्यांच्या ट्रेलरमधून नेलं (मेंढी आत नव्हती, पण मेंढीचं बरंच काही होतं). ऑटली साहेबांनी पांढरे हातमोजे घातले, भिंग काढलं आणि टेबलाखाली शिरले. सगळ्या गावानं बारा मिनिटं त्यांची फक्त मागची बाजू बघितली. बाहेर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

मग ते जे बोलत सुटले. म्हणाले, पायाचं हे वळण फ्रान्सचं. पंजा चीनचा, तिकडचा ड्रॅगन मुठीत मोती धरून बसतो, ती कल्पना जहाजातून हॉलंडला आली आणि तिथून आपल्याकडे. लाकूड वेस्ट इंडीजचं. क्लेग आजोबा पहिल्या रांगेतून म्हणाले, "मग ह्यात इंग्लंडचं काय?" ऑटली साहेबांनी ते चार खळगे दाखवले. "हे. पैसे ठेवायची जागा." क्लेग आजोबा म्हणाले, "म्हणजे हरणं तेवढं आपलं." हॉल हसला. आजोबा पण हसले, आणि मला बरं वाटलं, पण तेवढ्यात ऑटली साहेबांनी टेबल आडवं करायला लावलं आणि भिंग चौथ्या पायावर नेलं.

"हे बघा," म्हणाले, "बाकीचे तीन पाय साधेच आहेत, कुठल्याही शहरात मिळतील. पण हा. हा मोठ्या कारागिराचा हात आहे. त्यानं पुस्तकातला ड्रॅगन नाही उतरवला. मोत्याच्या जागी त्यानं अंडं दिलंय, निर्मितीचं प्रतीक. आणि हे वाकलेलं बोट बघा, केवढी वेदना आहे त्यात. ह्या माणसानं ड्रॅगन प्रत्यक्ष पाहिलाय."

मी तिसऱ्या रांगेत होते. ते म्हणाले, "घरातल्या कुणाला ह्या पायाबद्दल काही माहिती आहे का?" सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले, का कोण जाणे, बहुतेक मी उभी राहिले होते म्हणून. मला म्हणायचं होतं, ती माझी कोंबडी आहे. खरंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "संडास डाव्या बाजूला आहे."

ऑटली साहेब म्हणाले, "धन्यवाद." आणि त्यांनी शिक्का मारून प्रमाणपत्र दिलं, ज्याची नक्कल त्यांनी तुला पण पाठवलीय. त्यातला आकडा मी इथे लिहीत नाही. तो आकडा डचेसचा आहे.

आता हे ऐक, कारण ह्यासाठीच मी एवढा वेळ सुरीनं बटणं उचकटतेय. परत येताना ट्रेलर चढावर अडला आणि क्लेग आजोबा इंजिन बघायला उतरले. गाडीत मी आणि आजोबा. मी रडत होते, कारण मला वाटत होतं की आता ह्या आकड्यामुळे तू टेबल नक्कीच नेणार, आणि ते पण माझ्याच हातच्या कामामुळे. आजोबा समोर बघत म्हणाले, "जुना पाय कुठे टाकलास, टिली?"

मी म्हटलं, का.

म्हणाले, "नाही, असंच. तो मी केला होता. एकसष्ट साली."

आत्या, तुला हे माहीत होतं का? लग्नाआधी आजोबा पहिल्यांदा आजीच्या घरी जेवायला गेले, आणि सासूवर छाप पाडायला म्हणून स्वतः उठून टेबल मांडलं. फळी आधी. पाय आतच. ते तेव्हा रेल्वेच्या सुतारकामावर होते, म्हणाले, पाय मीच करून देतो. पंजाला नमुना मिळेना (तेव्हा पण बटाटेच होते), म्हणून आजी दोन आठवडे रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात हात खाली करून, मुठीत क्रिकेटचा चेंडू धरून बसली. म्हणायची, "विल्फ, माझा हात आखडला तर तू भांडी घासशील का?" पाच बोटं म्हणूनच. आणि ती चीर नव्हती. ती अंगठी होती. खरी अंगठी द्यायच्या आधी त्यांनी ती त्या पायावर कोरली, आजीनं बघितली, आणि म्हणाली, "बरं." असं लग्न ठरलं.

आजोबा म्हणाले, "चार वाजता खेळायला बसलो की मी माझा सपातीतला पाय तिच्या हातावर ठेवतो. ती असती तर ओरडली असती." मग म्हणाले, "पण कोंबडीवर पण ठीक आहे. सवय होईल."

क्लेग आजोबा परत आले आणि म्हणाले इंजिनाला काही झालं नाहीये, पेट्रोल संपलंय. त्यामुळे पुढचं सगळे चालत.

घरी पोचल्यावर मी खुराड्यापाशी गेले, पाय काढला, धुतला (साबणानं दोनदा), आणि बघितलं. खरंच आजीचा हात आहे. अंगठ्याचं ते बाहेर वळणं पण आहे. तुझा पण तसाच वळतो.

एवढंच सांगायचं होतं. प्रमाणपत्र खोटं आहे, म्हणजे ऑटली साहेब खोटे नाहीत पण पाय खोटा आहे, म्हणून ते कुणाला दाखवू नकोस, फाडून टाक. रागावली असशील तर पत्रातच रागव, फोनवर नको. गुडघ्याला जप. त्या दोन म्हाताऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार.

तुझी,
टिल्डा

ता.क. तू टेबल मागतेयस ते तुझं आहे, त्यामुळे मला काही म्हणायचा हक्क नाही. पण चौदा तारखेला व्हॅन पाठवू नकोस.

ता.क. दोन. आजोबांना हे पत्र माहीत नाही. ते अजून म्हणतात, घेऊन जाऊ दे. टेबलाच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका पण आणून ठेवलाय, आणि रोज तो थोडा थोडा कापून चुलीत घालतात, म्हणतात मापाला जरा मोठा झाला होता.

ता.क. तीन. वर मी सगळं असं लिहिलंय की टेबलाला अजून कोंबडीचा पाय आहे. तो परवापर्यंत होता. लम्ली साहेब पाठ बरी होऊन आले, त्यांना मी पटाश्यांचं सगळं सांगितलं (लिहून दिलं), त्यांनी दोन्ही पाय बघितले आणि अर्धा तास काहीच बोलले नाहीत, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. मग आम्ही दोघांनी मिळून आजोबांचा जुना पाय तिरका कापून, सरस आणि खुंटी मारून जोडला. बसला. जोड दिसतो, पण साहेब म्हणाले दिसू दे. डचेसचा पाय त्यांनी कारखान्याच्या दारावर टांगलाय आणि म्हणाले, "वाईट नाही." लम्ली साहेबांनी बावीस वर्षांत हे आधी एकदाच म्हटलंय, ते पण एका कपाटाला. सोमवारपासून मला कोरीवकाम शिकवणार आहेत.

ता.क. चार, आणि हे खरं कारण. व्हॅनऐवजी तूच ये. आजोबा, क्लेग आजोबा आणि मी, आम्ही तिघं आहोत, आणि आजी गेल्यापासून पत्त्यांत चौघांच्या व्हिस्टला चौथा माणूस नाही म्हणून दोघांचेच खेळ चाललेत. मी तुझ्यासमोर बसेन, तुझी जोडीदार. मी बोलत नाही म्हणून काळजी करू नकोस, व्हिस्टमध्ये जोडीदाराशी बोललेलं चालतच नाही, हा एवढा एकच खेळ मला येतो. टेबलाखाली तुझा पाय लागेल तिथं जरा सांभाळून ठेव. येताना व्हॅन घेऊनच आलीस, आणि टेबल बघून पण न्यावंसं वाटलं, तर मी स्वतः ते व्हॅनमध्ये चढवेन, आणि एकदाही तोंड उघडणार नाही. फक्त आधी एक डाव खेळ.

ता.क. पाच. कोऑपच्या दुकानाच्या छपरावर बुधवारपासून एक मेंढी आहे. कशी चढली कुणालाच माहीत नाही. अग्निशामक दलवाले आले होते, चहा पिऊन गेले.